कर्ज वाढले की शेअरमागची कमाई खरेच वाढते?

वाचकांचे अर्थप्रश्न

या वेळच्या टपालात एकाच विषयाची पत्रे जास्त आहेत. कंपनीने पैसा कर्जाने उभारावा की शेअर काढून, आणि भागधारकाच्या पदरात त्याचे काय पडते? शिरोलीच्या पत्रात आकडे व्यवस्थित दिलेले आहेत, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे. पुढची काही उत्तरे त्याच हिशेबावर बेतलेली आहेत. कंपनीचा प्राप्तिकर सगळीकडे 25 टक्के धरला आहे. वजावटी सोडून 22 टक्क्यांचा दर घेणाऱ्या कंपनीला अधिभार आणि उपकरासह तो 25.17 टक्के पडतो, म्हणजे फरक किरकोळ.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, 10 रुपयांचे 20 लाख शेअर घरातच आहेत. घसारा वजा जाऊन, पण व्याज आणि कर जाण्याआधी वर्षाला 3 कोटी नफा राहतो. कॅश क्रेडिटचे व्याज 40 लाख जाते. नवी मोल्डिंग लाइन आणि इंडक्शन फर्नेस यांना 6 कोटी लागतील, नफा 4 कोटी 20 लाखांवर जाईल असा अंदाज आहे. एक गुंतवणूकदार 100 रुपये भावाने 6 लाख शेअर घ्यायला तयार आहेत. बँकेचे टर्म लोन 10 टक्क्यांनी मिळेल. थोरल्यांना कर्ज नको आहे, धाकट्याला बाहेरचा भागीदार नको आहे. काय करावे?

उत्तर : आधी दोन्ही टोके मांडू. व्याज-करपूर्व नफ्याला पुढे नुसता ‘कामकाजी नफा’ म्हणू.

सहाही कोटी शेअर काढून आणले, तर 4 कोटी 20 लाखांतून जुने 40 लाख व्याज जाते, 3 कोटी 80 लाख उरतात. 25 टक्के कर गेला की 2 कोटी 85 लाख. ते 26 लाख शेअरांत वाटले की शेअरमागे 10 रुपये 96 पैसे.

सहाही कोटी कर्जाने आणले, तर व्याज 40 अधिक 60 असे एक कोटी. उरलेल्या 3 कोटी 20 लाखांतून कर जाऊन 2 कोटी 40 लाख, आणि शेअर 20 लाखच. शेअरमागे बरोबर 12 रुपये.

आज तुमची शेअरमागची कमाई 9 रुपये 75 पैसे आहे. 12 चा आकडा बघून धाकट्यांचा आग्रह समजू शकतो. एकूण नफा 45 लाखांनी कमी असूनही शेअरमागची कमाई जास्त दिसते, कारण वाटेकरी कमी आहेत.

आता हाच हिशेब मंदीच्या वर्षाला लावा. ट्रॅक्टर-ट्रकच्या ऑर्डरी आटल्या आणि कामकाजी नफा 1 कोटी 80 लाखांवर आला, तर शेअरच्या मार्गात 4 रुपये 4 पैसे मिळतात, कर्जाच्या मार्गात 3 रुपये. आणखी घसरून एक कोटीवर आला, तर शेअरच्या मार्गात 1 रुपया 73 पैसे तरी हाती राहतात. कर्जाच्या मार्गात सगळा नफा व्याजात जाऊन कमाई शून्य.

या दोन टोकांच्या मध्ये एक बिंदू आहे, जिथे दोन्ही मार्ग सारखेच पडतात. तो काढायची सोपी रीत अशी : नवे व्याज गुणिले शेअर काढल्यावरचे एकूण शेअर, भागिले नवे शेअर, आणि त्यात जुने व्याज मिळवा. तुमच्या बाबतीत 60 लाख गुणिले 26 भागिले 6, म्हणजे 2 कोटी 60 लाख, अधिक 40 लाख, एकूण 3 कोटी. त्या नफ्यावर दोन्हीकडे 7 रुपये 50 पैसेच येतात. कर दोन्ही बाजूंना सारखाच लागत असल्यामुळे या बिंदूच्या सूत्रात तो येतच नाही.

हा 7.50 चा आकडा योगायोगाने आलेला नाही. 10 टक्के व्याज करात वजा होते, म्हणून कर्जाचा करोत्तर खर्च 7.5 टक्के. शेअर 100 रुपयांनी जातो. शंभराचे साडेसात टक्के म्हणजे साडेसात रुपये. शेअर ज्या भावाने देणार, त्या भावाला करोत्तर व्याजदराने गुणा. शेअरमागे त्यापेक्षा जास्त कमाई होणार असेल तर कर्ज फायद्याचे, कमी होणार असेल तर शेअर. गुंतवणूकदाराने भाव पाडून 75 रुपये केला, तर समतोलाची कमाई 5 रुपये 63 पैशांवर येते आणि कामकाजी नफ्याचा बिंदू अडीच कोटींवर. भाव जितका पडका, तितके कर्ज लवकर परवडू लागते.

तुमचा बिंदू नेमका आजच्या नफ्यावर येतो, याकडे लक्ष द्या. विस्तार करूनही नफा 3 कोटींवरच राहिला, तर कोणत्याही मार्गाने गेलात तरी शेअरमागची कमाई 9.75 वरून 7.50 वर उतरते. म्हणून कर्ज की शेअर यावर वाद घालण्याआधी जादा 1 कोटी 20 लाख कुठून येणार हे तपासा. 6 कोटींवर 1 कोटी 20 लाख म्हणजे 20 टक्के परतावा, तो 10 टक्के व्याजाच्या दुप्पट आहे. पण लाइन बसल्यापासून ती भरून चालेपर्यंत वेळ लागतो. नव्या लाइनवर सुरुवातीला रिजेक्शन जास्त असते, ग्राहकाकडून पॅटर्न आणि नमुन्याच्या कास्टिंगला मंजुरी मिळायला महिने जातात, आणि फर्नेसचा जादा वीजभार मंजूर झाला की डिमांड चार्जेस पहिल्या दिवसापासून लागतात.

शेअरमागच्या कमाईत जे दिसत नाही ते म्हणजे मुद्दल. मोरेटोरियमनंतर (हप्ते नसलेली सुरुवातीची मुदत संपल्यावर) 6 कोटी 60 मासिक हप्त्यांत फेडायचे, तर वर्षाला 1 कोटी 20 लाख मुद्दल आणि सुरुवातीला 60 लाख व्याज, एकूण 1 कोटी 80 लाख बाहेर जातात. जुना-नवा मिळून घसारा 1 कोटी 10 लाख धरला आणि करोत्तर नफ्यात तो घसारा आणि टर्म लोनचे व्याज परत मिळवले, की हप्ता भरायला उपलब्ध रक्कम कळते. या उपलब्ध रकमेला मुद्दल-व्याजाच्या देय रकमेने भागले की जे गुणोत्तर येते, त्याला बँक डीएससीआर म्हणते. चांगल्या वर्षी ते 2.28 येते, 1 कोटी 80 लाखांच्या वर्षी 1.28. एक कोटीच्या वर्षी 1 कोटी 70 लाख हातात आणि 1 कोटी 80 लाख द्यायचे, म्हणजे 0.94. ताळेबंदात तोटा नाही, तरीही हप्त्याला 10 लाख कमी पडतात. फाउंड्र्या अडचणीत येतात त्या बहुतेक याच ठिकाणी. मग कॅश क्रेडिटच्या (सीसी) खात्यातून हप्ता भरला जातो, स्क्रॅप आणि पिग आयर्नच्या व्यापाऱ्याचे पैसे थकतात, तो रोखीशिवाय माल देत नाही, आणि ऑर्डर असूनही भट्टी अर्धी चालते.

तसेही बँक सहाच्या सहा कोटी देणार नाही. 25 टक्के स्वतःचे घाला म्हणेल. म्हणजे खरा प्रश्न साडेचार कोटी कर्ज आणि दीड कोटी भांडवल, असा आहे. हे दीड लाख शेअर 100 रुपयांनी काढले, तर चांगल्या वर्षी कमाई 11 रुपये 69 पैसे, मंदीत 3 रुपये 31 पैसे, आणि एक कोटीच्या वर्षी 52 पैसे. मुद्दलाचा वार्षिक हप्ता 90 लाखांवर येतो आणि त्या सर्वांत वाईट वर्षीही डीएससीआर 1.23 राहतो. चांगल्या वर्षी 31 पैसे सोडले आणि बदल्यात वाईट वर्षी बँकेच्या दारात उभे राहणे टळले. आमच्या मते तुमच्यासाठी हाच मार्ग योग्य आहे. दीड लाख शेअर घरच्यांनीच हक्काने घेतले तर दोघा भावांचेही म्हणणे राहते.

बाहेरच्यालाच द्यायचे ठरले, तर टक्केवारी बघून द्या. 26 लाखांत 6 लाख म्हणजे 23.08 टक्के. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात, म्हणजे 25 टक्क्यांहून जास्त मते ज्याच्या हातात, तो ठराव अडवू शकतो. 100 च्या भावात तो रेषेच्या आत राहतो. 75 च्या भावात त्याला 8 लाख शेअर द्यावे लागतात, ते 28.57 टक्के होतात. कमाईतला फरक पैशांत मोजायचा, हा फरक मात्र कंपनी कोणाच्या शब्दावर चालणार याचा आहे.

प्रकल्प अहवालात हमखास सुटणारी एक बाब आहे. लाइन वाढली की खेळते भांडवलही वाढते. विक्री 12 कोटींनी वाढणार असेल, तर लहान उद्योगांसाठी बँका वापरतात त्या उलाढालीच्या पद्धतीने 25 टक्के, म्हणजे 3 कोटी जादा लागतात. त्यांतले 2 कोटी 40 लाख बँक देते आणि 60 लाख तुमचे. हे 60 लाख वरच्या दीड कोटींच्या बाहेरचे आहेत. 2 कोटी 40 लाखांवर 24 लाख व्याज, म्हणजे दीड कोटीच्या पर्यायात शेअरमागे आणखी 84 पैसे कमी. समतोल बिंदूही 3 कोटींवरून 3 कोटी 24 लाखांवर सरकतो. सीएंकडून अहवाल करून घेताना हा आकडा आत आहे ना, ते स्वतः पाहा. कर्ज तारणाऐवजी सीजीटीएमएसई या लहान उद्योगांसाठीच्या पतहमी निधीच्या हमीवर घेणार असाल, तर हमीशुल्कही व्याजात मिळवून हिशेब करा.

प्रश्न : व्याजदर बदलता असेल तर हा हिशेब कसा टिकणार? (वाचक, गोकुळ शिरगाव)

उत्तर : टिकत नाही, म्हणूनच आधी ताणून बघायचा. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.50 टक्क्यांवर नेला. सूक्ष्म आणि लघू उद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जे ऑक्टोबर 2019 पासून रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असल्यामुळे ही वाढ त्यांच्यापर्यंत काही महिन्यांत पोहोचली. वरच्या उदाहरणात साडेचार कोटींवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला 11 लाख 25 हजार, शेअरमागे 39 पैसे. कोणताही प्रकल्प मंजुरीपत्रातल्या दरापेक्षा 2 ते 2.5 टक्के जास्त दराने एकदा मांडून बघावा. तेवढ्यावर डीएससीआर 1.2 च्या खाली जात असेल तर कर्ज कमी करावे, निदान फेडीची मुदत वाढवून घ्यावी.

प्रश्न : एम.कॉम.ला मोदिग्लियानी आणि मिलर यांचा सिद्धांत शिकवतात, की भांडवलाच्या रचनेने कंपनीचे मूल्य बदलत नाही. मग कर्जाने ईपीएस (शेअरमागची कमाई) वाढतो हेही खरे कसे? (विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ)

उत्तर : दोन्ही खरे आहेत. 1958 च्या त्यांच्या मांडणीत कर नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही, आणि व्यक्तीलाही कंपनीच्याच दराने कर्ज मिळते असे धरले आहे. अशा जगात कर्जाने शेअरमागची कमाई वाढते, पण तिच्यातले चढउतारही वाढतात. गुंतवणूकदार त्या जोखमीबद्दल जास्त परतावा मागतात, म्हणजेच कमाईच्या कमी पट भाव देतात. कमाई वाढली, पट उतरला, आणि एकूण मूल्य होते तिथेच राहिले. 1963 मध्ये त्यांनीच कर हिशेबात घेतला, तेव्हा व्याजाच्या करवजावटीचा फायदा कर्जाच्या बाजूला पडला.

परीक्षेत गुणोत्तर मागतात म्हणून तेही देतो. कामकाजी नफा भागिले व्याज वजा जाता उरलेला नफा, हा आर्थिक तरफेचा अंश. शिरोलीच्या पूर्ण कर्जाच्या पर्यायात 420 भागिले 320 म्हणजे 1.31. कामकाजी नफा 10 टक्के घसरला तर शेअरमागची कमाई 13.1 टक्के घसरेल. तोच अंश 180 लाखांच्या नफ्यावर 2.25 होतो. परीक्षेत विद्यार्थी हा अंश कंपनीचा कायमचा गुण असल्यासारखा लिहितात. तो नफ्याच्या प्रत्येक पातळीवर वेगळा असतो, आणि नफा जितका कमी तितका तो जास्त.

प्रश्न : माझ्याकडे असलेल्या एका कंपनीने बायबॅक (स्वतःचेच शेअर परत विकत घेणे) जाहीर केला आहे. शेअर कमी झाले म्हणजे ईपीएस वाढणारच ना? (निवृत्त बँक कर्मचारी, ताराबाई पार्क)

उत्तर : वाढेलच असे नाही. समजा एक कोटी शेअर आहेत, करोत्तर नफा 18 कोटी, कमाई 18 रुपये. कंपनीकडे 30 कोटी मुदत ठेवीत आहेत, त्यांवर 7 टक्के व्याज येते, कर जाऊन 5.25 टक्के. 300 रुपयांनी 10 लाख शेअर परत घेतले, तर ठेवीचे करोत्तर 1 कोटी 57.5 लाख बुडतात. नफा 16 कोटी 42.5 लाख, शेअर 90 लाख, कमाई 18 रुपये 25 पैसे. दहा टक्के शेअर कमी झाले, पण कमाई दीड टक्कासुद्धा वाढली नाही. भाव 400 असता तर त्याच पैशांत साडेसात लाख शेअर आले असते आणि कमाई 17 रुपये 76 पैशांवर उतरली असती. 18 ला 300 ने भागले की 6 टक्के येतात, ते 5.25 पेक्षा जास्त. 400 ने भागले की 4.5 येतात, ते कमी. एवढ्यावर उत्तर ठरते.

परदेशी कंपन्या कर्ज काढून बायबॅक करतात असे वाचनात येते. आपल्याकडे बँक किंवा वित्तसंस्थेकडून घेतलेले पैसे त्यासाठी वापरता येत नाहीत. बायबॅक भरणा झालेले भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या 25 टक्क्यांपर्यंतच करता येतो, आणि त्यानंतर कंपनीचे कर्ज उरलेल्या भांडवल-निधीच्या दुपटीपेक्षा जास्त नसावे लागते. तरीही रोकड बाहेर जाते आणि जुने कर्ज तसेच राहते, त्यामुळे कर्जाचे प्रमाण वाढतेच.

प्रश्न : एका सूचिबद्ध साखर कंपनीचे शेअर घेतले आहेत. मार्चच्या ताळेबंदात 300 कोटींचे अल्पमुदतीचे कर्ज दिसते. विकून टाकावेत का? (वाचक, कागल)

उत्तर : नुसत्या त्या आकड्यावर विकू नका. आपल्या भागात गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्चच्या आसपास संपते, साखर मात्र वर्षभर विकली जाते. उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) 14 दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर 15 टक्के व्याजासह. त्यामुळे कारखाना गोदामातली साखर तारण ठेवून पैसे उचलतो, आणि 31 मार्चला गोदामही भरलेले असते, कर्जही शिगेला असते. साखर विकली जाते तसे ते उतरते.

खरी सरासरी काढायची असेल तर वर्षाच्या व्याजाला व्याजदराने भागा. त्या 300 कोटींवर वर्षाचे व्याज 18 कोटीच दिसत असेल आणि दर 9 टक्के असेल, तर सरासरी कर्ज 200 कोटींचे होते. सूचिबद्ध कंपन्या सप्टेंबरअखेरचा ताळेबंदही देतात, तो शेजारी ठेवून बघा. सप्टेंबरला साठा उतरला असूनही कर्ज उतरलेले नसेल, तर साखरेचे पैसे दुसरीकडे गेलेले आहेत. हे लक्षण गंभीर आहे, आणि तेव्हा शेअर ठेवू नयेत. तिमाहीची कमाई चारने गुणू नका, हंगामी धंद्यात त्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरी तपासणी इथेनॉलच्या कर्जाची. केंद्राच्या 2018 पासूनच्या योजनांत डिस्टिलरीच्या कर्जावर 6 टक्के किंवा बँकेच्या दराच्या निम्मे, यांपैकी जे कमी तेवढे व्याज सरकार भरते. मुदत 5 वर्षे, त्यात पहिले वर्ष हप्ते नाहीत. 100 कोटींच्या कर्जावर 9 टक्क्यांऐवजी 4.5 टक्केच कंपनीला पडतात. सवलत संपते त्या वर्षी जेवढे कर्ज शिल्लक असेल, त्यावरचे व्याज दुप्पट होते. सध्याचा ईपीएस सवलतीसह आहे की सवलतीशिवाय, हे टिपणांत वाचून घ्या.

नेमका याच्या उलटा प्रकार इतर धंद्यांत दिसतो. 31 मार्चला माल पुरवणाऱ्यांचे पैसे रोखून सीसी खाते रिकामे दाखवले जाते, आणि 5 एप्रिलला ते पुन्हा भरते. तिथे वर्षाच्या व्याजाला मार्चच्या कर्जाने भागले की 20-25 टक्के दर निघतो. इतक्या दराने कोणतीच बँक कर्ज देत नाही, तेव्हा वर्षभरातले कर्ज दाखवल्यापेक्षा बरेच जास्त होते असे समजावे.

प्रश्न : सहकारी साखर कारखान्याच्या शेअरला हा हिशेब लागतो का? (ऊस उत्पादक सभासद, शिरोळ तालुका)

उत्तर : नाही. सहकारी संस्थेला लाभांशाची मर्यादा 15 टक्के आहे आणि शेअर दर्शनी किमतीला परत होतो, त्यामुळे कर्जाने वाढलेली कमाई शेअरमधून तुमच्याकडे येत नाही. ती आली तर उसाच्या दरातून येते. कर्ज जास्त झाले तर व्याजाचा बोजाही तिथेच पडतो. एफआरपीच्या वर जे काही देता आले असते, ते आधी बँकेला जाते. वार्षिक सभेत ताळेबंद हातात आला की वर्षाच्या व्याजाला गाळलेल्या टनांनी भागा. 30 कोटी व्याज आणि 10 लाख टन गाळप असेल, तर टनामागे 300 रुपये व्याजात गेले. शेजारच्या कारखान्याचा हाच आकडा काढून सभेत प्रश्न विचारा.

प्रश्न : आम्ही संचालकांनी 80 लाख रुपये बिनतारण कर्ज म्हणून कंपनीत घातले आहेत, व्याज घेत नाही. हे कर्ज धरायचे की भांडवल? (मशिन शॉप, शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : वहीत ते कर्जच. बँकेला मात्र तुम्ही लेखी दिले, की बँकेचे कर्ज फिटेपर्यंत हे पैसे काढणार नाही, तर ती ते स्वतःच्या भांडवलासारखे धरते आणि मर्यादा ठरवताना त्याचा उपयोग होतो. तसे पत्र दिल्यानंतर मध्येच त्यातून रक्कम उचलली, तर पुढच्या नूतनीकरणाला ती मोजून दाखवली जाते.

व्याज न घेतल्यामुळे तुमची शेअरमागची कमाई फुगलेली आहे. 12 टक्के धरले तर 9 लाख 60 हजारांचा खर्च हिशेबात आलेलाच नाही. उद्या बाहेरचा कोणी शेअर घ्यायला आला तर तो हे वजा करूनच भाव सांगेल. व्याज घेतलेत तर कंपनीला करवजावट मिळेल, पण 10 टक्के टीडीएस कापावा लागेल आणि ते उत्पन्न तुमच्या वैयक्तिक दराने करपात्र होईल. तुमचा स्वतःचा दर 30 टक्के असेल आणि कंपनीचा 25, तर व्याज घेण्यात करबचत नाही. संचालकाने हे पैसे देताना, ते आपण उसने घेतलेले नाहीत, असे लेखी द्यावे लागते. नाहीतर रक्कम ठेव समजली जाते आणि ठेवींचे सगळे नियम लागू होतात. फायलीत ते पत्र आहे का, आजच बघा.

प्रश्न : प्रेफरन्स शेअर हा मधला मार्ग कसा? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : महागडा. प्रेफरन्स शेअर म्हणजे ठरलेला लाभांश इतर भागधारकांच्या आधी मिळणारा शेअर. 10 टक्के प्रेफरन्स लाभांश करात वजा होत नाही, म्हणून तो द्यायला करापूर्वी 13.33 टक्के कमवावे लागतात. 10 टक्के कर्जाला 10 च पुरतात. फायदा एवढाच की नफा नसेल त्या वर्षी लाभांश द्यावा लागत नाही, आणि तारण लागत नाही. परतफेड सर्वसाधारणपणे 20 वर्षांच्या आत. शेअरमागची कमाई काढताना हा लाभांश आधी वजा करायचा, हे बरेच जण विसरतात.

प्रश्न : वार्षिक अहवालात हे सगळे नेमके कुठे बघायचे? (वाचक, राजारामपुरी)

उत्तर : नफा-तोटा पत्रकात वित्तीय खर्चाची ओळ असते, पण तिथे थांबू नका. त्या ओळीच्या टिपणात भांडवली कामाकडे वळवलेले व्याज वेगळे दाखवलेले असते. कारखाना उभा होत असताना त्याच्या कर्जाचे व्याज खर्चात न जाता मालमत्तेच्या किमतीत जाते. म्हणजे त्या काळात कमाई सुखरूप दिसते, आणि प्रकल्प सुरू झाला की व्याज आणि घसारा एकाच वर्षी खर्चात येऊन कमाई आपटते. ताळेबंदात ‘चालू भांडवली काम’ मोठे असेल तर पुढच्या वर्षाचा ईपीएस स्वतः मांडून बघा.

एका वर्षात देय असलेले मुद्दल 2021 च्या दुरुस्तीपासून अल्पमुदतीच्या कर्जात दाखवतात. त्यापूर्वीच्या अहवालात ते इतर चालू देण्यांत असे, त्यामुळे जुन्या-नव्या वर्षांची तुलना करताना आकडा जुळवून घ्यावा लागतो. भाडेपट्ट्याचे देणे वेगळ्या ओळीत असते, तेही कर्जच समजा.

ईपीएसचे दोन आकडे असतात, मूळ आणि विरलित (पुढे निघू शकणारे शेअरही धरून काढलेला). परिवर्तनीय रोखे किंवा कर्मचाऱ्यांचे शेअर-पर्याय असतील तर दुसरा धरा. वर्षाच्या मध्यात शेअर काढले असतील, तर भारित सरासरीमुळे त्या वर्षी वाटेकरी कमी मोजले जातात. 1 जानेवारीला 6 लाख शेअर निघाले तर मार्चअखेरच्या हिशेबात ते जेमतेम दीड लाख धरले जातात, पूर्ण भार पुढच्या वर्षी दिसतो.

त्याच 2021 च्या दुरुस्तीपासून कंपनीला कर्ज-भांडवल प्रमाण आणि डीएससीआर यांच्यासह अकरा गुणोत्तरे टिपणांत द्यावी लागतात. एखादे गुणोत्तर आधीच्या वर्षापेक्षा 25 टक्क्यांहून जास्त बदलले असेल तर कारणही लिहावे लागते. अहवाल हातात आला की पहिल्यांदा ते पान उघडा. कारणाच्या रकान्यात नुसते ‘कर्जात वाढ झाल्यामुळे’ असे लिहिलेले असेल, तर पैसे कुठे लागले हे रोखप्रवाह पत्रकातल्या गुंतवणुकीच्या भागात शोधायचे. तिथेही यंत्रसामग्री वाढलेली दिसत नसेल आणि गटातल्या दुसऱ्या कंपन्यांना दिलेली कर्जे वाढलेली असतील, तर कंपनी सचिवाला ई-मेल करून विचारा आणि सर्वसाधारण सभेत तो प्रश्न पुन्हा मांडा.